बारदान वजा लेकरू

“लेकरातून कडता कापता व्हय? काय कापूस हाय का त्यो?”

सोनाबाई शाळेच्या ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा मुलगा माझ्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसला होता आणि शांतपणे ऊस सोलत होता. तिच्या मागे गावातले निम्मे आईबाप जमले होते. सगळे तिच्याच बाजूचे. मी एवढंच म्हटलं होतं, की मुलाच्या वजनातून अंगावरच्या जिनसांचा एक शेर कमी धरतो.

“बाई, अंगावर सदरा आहे, पायात चांदीचे वाळे आहेत. ते काय मुलाचं वजन आहे का?”

“वाळे त्याच्या आज्यानं घातलेत. लेकराचे न्हाईत तर काय तुमचे हायेत?”

माणसं हसली. माझं डोकं तापलं. ते लवकर तापतं, हे आमच्या दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

कडता म्हणजे काय ते आधी सांगतो. शेतकरी कापूस विकायला नेतो तेव्हा भरल्या पोत्याचं वजन होतं आणि त्यातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा होतं. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. इथवर ठीक आहे. पण मग कापूस ओला म्हणून आडत्या थोडं कापतो, कचरा आहे म्हणून आणखी थोडं कापतो. हे जे कापणं, त्याला कडता म्हणतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सापाच्या खालोखाल कशाची चीड असेल तर ती कडत्याची. हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझा बाप सेलूच्या कापूसबाजारात हमाल होता. मी काट्याखालीच रांगलो.

तरी वजाबाकीचा शब्द तोंडातून गेला आणि शाळेचा कापूसबाजार झाला. त्याला कारण मी नव्हतो. कारण तो काटा होता, आणि तो काटा का आणावा लागला ते ऐका.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमच्यावर निजामाचं राज्य होतं. मी तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली होती, पुड्या बांधायला शिकलो, मग मिक्श्चर करायला शिकलो, उर्दूतला हुकूम वाचायला शिकलो. एवढं करून वरची जागा निघाली तेव्हा ती माझ्यामागून आलेल्या माणसाला मिळाली. त्याचा गुण एकच, तो कमी बोलायचा. अशात वरून ऑर्डर आली, की खेड्यातल्या शाळांमधल्या मुलांची वजनं घ्या आणि रिपोर्ट पाठवा. डॉक्टरसाहेबांना धुळीचं वावडं. त्यांनी मला बोलावलं.

मी म्हटलं, “साहेब, जातो. वजनाचं मशीन द्या.”

डॉक्टर हैदराबादचे. ते म्हणाले, “नई मशीन है. बैलगाडी में टूट गई तो तुम्हारा बाप देगा?”

“माझा बाप हमाल होता साहेब. त्यानं ते मशीन डोक्यावरून नेलं असतं आणि काचेला तडासुद्धा जाऊ दिला नसता.”

“तुम ज्यादा बोलते.”

मशीन मिळालं नाही. मी एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालून त्याचा जुना कापसाचा काटा मागून आणला. मोठी लोखंडी दांडी, दोन्हीकडे फळ्यांची पारडी. वजनंही त्याचीच घेतली. काटा टांगायचा दोरसुद्धा त्याच्याकडे सोडला नाही.

निघताना डॉक्टरांनी मला कामाची खरी गोष्ट सांगितली. प्रत्येक वयाला किती वजन असावं याचा एक तक्ता होता. त्या रेघेच्या खाली जो मुलगा भरेल त्याला ‘हलका’ लिहायचं. हलक्या मुलांना लोकल फंडातून शाळेत रोज खुराक मिळणार होता. भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि दूध. लोकल फंड म्हणजे गावांकडून वसूल झालेला पैसा, जो गावांच्या शाळा-दवाखान्यांवर खर्च व्हायचा.

“लेकिन खुराक की बात मुँह से निकाली,” डॉक्टर म्हणाले, “तो पूरा गाँव हलका हो जाएगा. समझे?”

मी समजलो. गप्प राहायचं काम नेमकं मला दिलं होतं.

पेडगावच्या पलीकडचं ते गाव. शाळा एका ओट्याची आणि एका खोलीची. लक्ष्मण मास्तर नावाचे भले गृहस्थ तिथं चारही यत्ता एकटे शिकवायचे. काटा ओट्याच्या तुळईला टांगला तसे लोक गोळा झाले, पण एकही आई आपलं मूल पुढे करेना.

“नवस आसंल तर लेकराला गुळानं तोलत्यात,” एक म्हातारी म्हणाली. “ह्यो लोखंडानं तोलायलाय. वाळून जाईल की लेकरू.”

“नजर लागंल.”

“आन् तोलून काय करणार हायत? इकणार हायत का?”

मास्तरांनी स्वतः पारड्यात बसून दाखवलं. मास्तर इतके हलके निघाले की लोकांना हसू आवरेना आणि काम आणखी बिघडलं. तेवढ्यात गर्दीतून बळीराम पैलवान पुढे आला. आसपासच्या गावांतल्या जत्रांत त्यानं नाव काढलेलं होतं. कुस्ती सोडली होती, पण मान अजून बैलासारखी होती.

“बगू तुमचा काटा मला उचलतो का,” तो म्हणाला आणि पारड्यात बसला.

तुळई करकरली. माझ्याजवळची सगळी वजनं संपली. शेवटी मास्तरांना दुसऱ्या पारड्यात बसवलं तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. मी हिशेब करून ओरडलो, “अडीच मण!” गावानं शिट्ट्या मारल्या. पैलवानानं मिशीवरून हात फिरवला. मग सगळ्या तरण्या पोरांना स्वतःचं वजन करून घ्यायचं होतं. अंधार पडेपर्यंत मी माणसं तोलत होतो आणि जो जास्त भरेल त्याच्या नावानं आरोळी उठत होती. जाताना बायका म्हणाल्या, “बरं, सकाळी आणतो लेकरं.”

मी खूश झालो. तिथंच फसलो. गावानं त्या संध्याकाळी एकच गोष्ट शिकली होती, की जो जड तो मोठा.

सकाळी मुलं आली ती चालत नव्हती, डुलत होती. ज्या मुलाच्या अंगावर एरवी फाटका सदरा असायचा, त्यानं एकावर एक तीन घातले होते. पायात वाळे, कमरेला साखळ्या. एकाचे खिसे दगडांनी लोंबत होते. एकाचं पोट नगाऱ्यासारखं टम्म होतं. मी विचारलं, “काय खाल्लंस रे?” तो म्हणाला, “काय न्हाई. मायनं कळशीभर पाणी पाजलं.” कापूस बाजारात नेताना जे जे करायचं असतं, ते ते या लोकांनी लेकरांना केलं होतं. ओलं केलं होतं आणि आत दगड घातले होते.

आणि मी कडत्याची गोष्ट काढल्यावर सोनाबाई उभी राहिली, ती तुम्हाला सांगितलीच.

कपडे उतरवून तोलावं म्हटलं तर ते कुणालाच चालेना. “उघड्या अंगानं चारचौघांत? द्रिष्ट लागंल!” मी चिडून म्हटलं, “मग सगळ्यांना वजनदार लिहितो आणि जातो!” लोक म्हणाले, “ल्हा की.” त्यांना तेच हवं होतं. आणि मला ते लिहिता येत नव्हतं, कारण त्या ओझ्यांच्या खाली खरोखरच काडीसारखी मुलं होती. जड लिहिलं की त्यांचा खुराक गेला. हे मला माहीत होतं आणि सांगायची बंदी होती.

मी ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि विचार केला. यांना बाजार हवा आहे ना? मग बाजारच करू.

प्रथम मास्तरांना सांगितलं, की छाती तपासायच्या निमित्तानं एकेक मूल आत खोलीत पाठवा. खोलीत चारचौघं नव्हते. दाराला पडदा लावला, प्रत्येकाचे सदरे काढले, खिसे रिकामे केले, वाळे हातात घेऊन अंदाज केला. पुड्या बांधून माझा हात तराजूसारखा झाला होता. ज्याचं पोट टम्म होतं त्याला मागच्या भिंतीकडे दोनदा पाठवलं. मग सगळं जसंच्या तसं अंगावर चढवून पोर बाहेर सोडलं. आता कुणाचं बारदान किती, ते मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला.

“ताडकळसच्या बाजारात ज्यानं बैल घेतला असेल त्यानं पुढं या. कडता मी एकटा ठरवणार नाही. रुमालाखाली ठरवू.”

गर्दी जवळ सरकली. मग एक जण हसला, “आता बोलले!”

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतालच्यांना काही कळत नाही. जमलं की रुमाल काढून हातावर हात मारायचा. हात पडला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. हात मारून जो फिरला त्याला पुढच्या बाजारात कुणी दावणीपाशी उभं करत नाही.

पहिला आला तो दगडवाल्या पोराचा बाप. खरं बारदान दोन शेर होतं. मी त्याची चार बोटं दाबली. त्यानं डोळे वटारले आणि माझं एकच बोट धरलं. मी मान हलवली, तीन दाबली. त्यानं उठून जायचं सोंग केलं. मी बसूनच राहिलो. तो परत बसला. दोनवर जमलं. त्यानं माझ्या हातावर असा हात मारला की धूळ उडाली, आणि लोकांकडे वळून म्हणाला, “निम्म्यावर आणला गड्याला!”

मी तोंड पाडून बसलो. मला जे हवं होतं ते तसूभरही कमी न होता मिळालं होतं.

मग रांग लागली. हात पडला की पोर पारड्यात, आणि भरलेल्या वजनातून ठरलेलं कापून मी आकडा लिहून घ्यायचो. असा दिवस मी नोकरीत पुन्हा पाहिला नाही. बाप लोक अस्तन्या सारून बसत होते. हरल्यासारखं करून मी जिंकत होतो आणि ते जिंकून घरी सांगायला मोकळे होत होते. बायका चुरमुरे घेऊन बसल्या. कुणीतरी चहा केला. सोनाबाईची पंचाईत झाली. तिचा नवरा शेतावर होता आणि परक्या पुरुषाच्या रुमालाखाली ती हात घालणार नव्हती. तिनं सासऱ्याला बसवलं. म्हातारा कानानं बहिरा. सोनाबाई मागून ओरडायची, “मामंजी, अर्ध्या शेराच्या वर जायचं न्हाई!” आणि सगळ्या गावाला रुमालाखालचा आकडा कळायचा. लोकांची हसून मुरकुंडी वळली. शेवटी एक शेरावर, म्हणजे सकाळी मी म्हटलं होतं त्याच आकड्यावर, म्हाताऱ्यानं हात मारला आणि सोनाबाई समाधानानं म्हणाली, “आता कसं, रीतीनं झालं.”

सगळे झाले. राहिला बळीराम पैलवान.

त्याचा किसन्या आठ-नऊ वर्षांचा. सकाळी खोलीत मी त्याचे सदरे काढले तेव्हा माझेच हात थांबले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. हिवतापानं पावसाळाभर झिजलेला. आणि कमरेला, धोतराच्या आत, करदोड्याला बांधलेला नांगराचा लोखंडी फाळ. पोराला नीट उभं राहवत नव्हतं. मी विचारलं, “दुखत नाही का?” तो म्हणाला, “बाप म्हणला, पैलवानाचं पोरगं हलकं भरलं तर लोक हसत्याल.”

फाळ धरून तो इतरांच्या बरोबरीनं भरत होता. फाळ काढला तर सगळ्या शाळेत हलका.

पैलवान समोर बसला. रुमाल टाकला. मी पाच बोटं दाबली. त्यानं मूठ मिटली. म्हणजे शून्य, काहीच कापायचं नाही. मी चार दाबली. मूठ. मी पुन्हा चार दाबली, कारण खरं बारदान तेवढंच होतं आणि मला खाली उतरायला जागाच नव्हती. त्यानं माझी बोटं आपल्या मुठीत घेतली आणि हळूहळू आवळली.

“पैलवान, बोटं सोडा.”

“कडता सोडा, मग सोडतो.”

“हे बरोबर नाही.”

“माज्या पोरात बारदान न्हाई. हाय ते समदं पोरगंच हाय.”

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. तरी तो सोडेना. इकडे किसन्या पारड्यात एका बाजूला कलून बसला होता. माझ्या बोटांतून कळ मस्तकात गेली आणि तिथं जे काही गप्प राहायचं ठरलेलं होतं ते उडालं.

“अरे येड्या!” मी उभा राहून ओरडलो. “जड भरला तर त्याला काही मिळणार नाही! जो हलका भरेल त्यालाच सरकार खुराक देणार आहे! दूध, शेंगदाणे, गूळ! रोज! आणि तू त्याच्या तोंडातला घास फाळ बांधून काढतोस!”

ऊस सोलणारं पोरसुद्धा थांबलं.

पैलवानानं माझी बोटं सोडली. उठला, पारड्याजवळ गेला, मुलाच्या धोतरात हात घालून फाळ सोडला आणि सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवला. लोखंडाचा आवाज झाला. एकही माणूस हसला नाही.

“आता तोला,” तो म्हणाला.

पण तोलू कोण देतो? तोवर बाकीच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. पहिली अर्थातच सोनाबाई.

“अवो डाक्टर! माज्या पोराचा कडता वाढवा! चार शेर कापा!”

“सकाळी एक शेर कापला तर फाडून खायला निघाला होतात!”

“ती सकाळची गोष्ट. सकाळी तुमी सांगितलं व्हतं का?”

“माझ्याबी पोराचा कापा!”

“पाच शेर कापा, माझी काय तक्रार न्हाई!”

“त्यानं पाणी पेलं व्हतं, पाणी वजा करा!”

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पूरा गाव हलका व्हायला निघाला. निम्मे बाप रुमाल घेऊन माझ्याकडे धावले. मी भिंतीला टेकलो. तेव्हा पैलवानानं दोन्ही हात आडवे पसरले.

“हात मारलाय ना समद्यांनी?” तो म्हणाला. “रुमालाखाली ठरलंय ना? मंग फिरायचं न्हाई. ज्याला फिरायचं आसंल त्यानं माझ्या म्होरं येऊन फिरावं.”

कुणी पुढं येईना. अडीच मणाचा प्रश्न होता, पण तेवढाच नव्हता. हात मारून फिरणं त्यांनाही जमणारं नव्हतं. दगडवाल्या पोराचा बाप पुटपुटला, “न्हाई, आता ठरलं ते ठरलं.” सोनाबाई मात्र म्हणाली, “आमच्या मामंजींना ऐकू येत न्हाई, त्यांचा हात धरायचा न्हाई.” त्यावर बहिऱ्या म्हाताऱ्यानं, कसं कोण जाणे, ते ऐकलं आणि उत्तर दिलं, “माझा हात बहिरा न्हाई.”

आता सगळ्या गावात एकच सौदा उघडा होता. जो माणूस सर्वांत जास्त अडून बसला, त्याचाच. म्हणून किसन्याचं वजन नव्यानं करायला कुणाला हरकत घेता येईना. माझ्या हिशेबात हे नव्हतं, पण मी ते चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पैलवान माझ्यासमोर बसला. “रुमाल नगं,” तो म्हणाला. “उघड्यावर बोला. किती कापता?”

“सदरा आणि धोतर. अर्धा शेर.”

“पाऊण कापा.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. “अर्धा.”

“बरं, अर्धा.” त्यानं हातावर हात मारला. माझा तळवा तालुक्याला पोचेपर्यंत झिणझिणत होता.

किसन्या तक्त्याच्या रेघेच्या बराच खाली भरला. त्याच्यासारखी आणखीही मुलं निघाली, ज्यांच्या बापांनी सकाळी मला ‘निम्म्यावर आणलं’ होतं. ती सगळी हलक्यांत गेली. सोनाबाईचा मुलगा गेला नाही. तो गाडग्यासारखा गोल होता. मी तिला सांगितलं, की बाई, तुमच्या पोराच्या अंगावरचं कातडं सोलून कडता कापला असता तरी तो हलक्यांत बसला नसता. तिनं रागानं पदर खोचला. मग तिचा चेहरा उजळला आणि ती सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बगा, सरकारनं ल्हिऊन दिलं. माझं पोर लय जड हाय.”

रिपोर्ट गेला. मी शेर-मणांचे पौंड करून दिले, डॉक्टरांनी सही केली. वरून शाबासकीचं पत्र आलं ते डॉक्टरांच्या नावानं. त्यात कंपाउंडर हा शब्द नव्हता. मी ते पत्र त्यांच्या टेबलावर उलटं-सुलटं करून पाहिलं, मागेही काही नव्हतं. माझ्या वाट्याला पुढची सगळी गावं आली. “तुमको आता है,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, “मशीन?” ते म्हणाले, “काटा है ना तुम्हारे पास.” वरची जागा नंतर दोनदा रिकामी झाली, दोन्ही वेळा कमी बोलणाऱ्यांनी भरली. ते असो.

खुराक मात्र सुरू झाला, आणि वेळेवर सुरू झाला, कारण त्याच्यामागे मी लागलो होतो. लोकल फंडाच्या कारकुनाला मी इतका पिडला की त्यानं माझा पुन्हा चेहरा दिसू नये म्हणून गुळाच्या ढेपा पाठवल्या. हिवताप्या मुलांना कोयनेलही मी सोबत देऊ लागलो. कोयनेल म्हणजे हिवतापाचं कडू औषध. ते खाल्लं तरच गूळ, असा सौदा मी मुलांशी केला. मुलांनी घासाघीस केली आणि दोन खडे मिळवले.

थंडी सरल्यावर मी त्या गावी दुसऱ्यांदा वजनं घ्यायला गेलो. तुळईला काटा टांगला. मुलं साध्या सदऱ्यांत आली, खिसे उलटे करून दाखवतच आली. किसन्या पळत येऊन पारड्यात बसला आणि पारडं गरकन फिरलं. पैलवान ओट्याखाली उभा होता. त्यानं विचारलं, “किती भरला?”

मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अजूनही तो वयाच्या मानानं कमीच होता. भोवती गाव उभं होतं.

“तीन शेर वाढला,” मी म्हटलं.

“तीन शेर!” पैलवान गर्दीकडे वळून गरजला. “ऐकलं का? तीन शेर!” आणि त्यानं पोराला पारड्यातून उचलून खांद्यावर घेतलं. मग प्रत्येक बाप विचारू लागला, “आमचा किती वाढला?” किती आहे, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. कडता, बारदान, रुमाल यांची गरजच पडली नाही. काम दुपारच्या आत उरकलं.

त्यानंतर मी कितीतरी शाळांत मुलं तोलली. आईबापांना मुलाचं वजन मी कधीच सांगितलं नाही. वाढलं किती, तेवढंच सांगायचो. वाढलं नसेल तर उंची सांगायचो.